सलॅब थांबत नसते

रेणुकाबाईचं इंजिनेराशी पहिलं भांडण झालं ते एका बाईवरून, आणि ती बाई मुळात नव्हतीच.

पंकज इंजिनेर आदिलाबादेहून बेल्याकडच्या एका गावात चंपतच्या नव्या घराचा नकाशा घेऊन आला होता. पोरगा मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या नोकरदार घरातला. शर्ट खोचलेला, बोलणं मऊ. त्यानं मोबाइलवर घराचं रंगीत चित्र दाखवलं. चंपतला घर दिसलं. त्याच्या बायकोला, रेणुकाबाईला, गच्चीवर केस मोकळे सोडून उभी असलेली बाई दिसली.

"हे कोण होय?"

"मावशी, ते असंच असते. चित्रात माणूस टाकलं का घर केवढं हाय ते समजते."

"मंग मले टाक. मी केवढी हाय ते साऱ्या गावाले ठाऊक हाय."

दुसऱ्या खेपेला पंकजनं लुगड्यातली बाई टाकून आणली. रेणुकाबाईनं मोबाइल नाकापाशी नेला. "हे त विमल हाय!"

विमलबाई म्हणजे शेजारीण. दोघींचं शेताच्या बांधावरून वाकडं होतं.

"आज चित्रात चढली, उद्या माह्या गच्चीवर पापड वाळवन. काढ तिले."

तिसऱ्या खेपेला गच्ची रिकामी आली, तेव्हा नकाशा पास झाला.

कापसाच्या खोलीचंही तसंच. भाव येईस्तोवर कापूस घरात भरायचा, म्हणून रेणुकाबाईला मोठी, बिनखिडकीची खोली हवी होती, आणि ट्रॅक्टर पाठमोरा लागेल असं दार. पंकजच्या कंप्युटरात असल्या खोलीला नावच नव्हतं. एवढी मोठी आणि खिडकी नाही, म्हणून त्यानं तिथं 'होम थिएटर' लिहून टाकलं. आठवड्याभरात गावात बातमी झाली की चंपत घरात टॉकीज काढून राह्यला. एकानं तर पारावर विचारलं, बायांची जागा अलग राहीन का म्हणून.

पण रेणुकाबाईचा खरा जीव अडकला होता छतात. जुन्या कौलारू घरात पावसाळा म्हटला की ती भगुणी मांडत फिरायची. एका साली खोलीभर कापूस भिजून काळा पडला होता आणि व्यापाऱ्यानं त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

"बाकी काई नको पोरा," ती पंकजला म्हणाली. "गळलं नाई पाह्यजे."

"नाई गळत मावशी. फक्त सलॅब एका दमात पडली पाह्यजे. मधात थांबली का सांधा पडते. जुनं सिमिट नव्याले धरत नाई, मंग तिथून पाणी उतरतेच."

"भाकर थापता थापता उठून गेलं का कोर फाटते, तसं."

पंकजला भाकर थापता येत नव्हती.

भिंती वर चढत गेल्या तशी रेणुकाबाई खाली बसत गेली. किडन्या गेल्या होत्या. दवाखान्यानं हात टेकले आणि घरी न्या म्हणून सांगितलं. आता घरी म्हणजे कुठं? जुनं घर पाडलेलं, नव्याला डोकं नाही. चंपतनं समोरच्या गोठ्यातून बैल बाहेर बांधले आणि तिची बाज आत टाकली. बैलांनी काही तक्रार केली नाही. बाजेवरून तिला बांधकाम नीट दिसायचं.

सलॅबचा दिवस उजाडला तो वैशाखाचा. काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडलेल्या. नारळ फुटला, मिक्सर घडघडलं. इचोड्याचा राजकुमार मेस्त्री वर चढून ओरडायला लागला. घमेल्यांच्या रांगेत सारं गाव होतं. विमलबाईसुद्धा होती, वैर बांधाचं होतं, सलॅबचं नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सलॅब निम्मी झाली होती. चंपत पाण्याचा तांब्या घेऊन गोठ्यात गेला. रेणुकाबाई बांधकामाकडंच बघत होती, पण पापणी लवत नव्हती. त्यानं चमचाभर पाणी तोंडात घातलं. ते ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

तो बाजेच्या काठावर बसला. रडायला तोंड उघडलं आणि कानात मिक्सर शिरलं. गावात मढं असताना कोणी घमेलं उचलत नाही, आणि रांगेत तर अर्धी भावकीच. त्याचा एक हुंदका, की सलॅब मधोमध फाटणार.

त्यानं तोंड मिटलं. तिचे डोळे मिटले, मान भिंतीकडं वळवली, गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. वैशाखात गोधडी. पण त्याला दुसरं काही सुचलं नाही.

बाहेर पंकज छत्री धरून उभा होता.

"साहेब, आता थांबवलं त?"

"काऊन थांबवायचं?"

"असंच इचारून राह्यलो."

"ठीक मधात सांधा पडन काका. जन्मभर गळन."

"थोडासा येळ?"

"फार त अर्धा घंटा. काऊन, चहा प्यायचा हाय का?"

"नाई," चंपत म्हणाला. "चहा नाई."

मटण शिजलं होतं. सलॅबचं जेवण, काम थांबू नये म्हणून माणसं पाळीपाळीनं बसत होती. राजकुमारनं आवाज दिला, "मालक, पह्यला घास तुमचा! मालक जेवल्याबिगर आमी हात नाई लावत." चंपत जेवला. राजकुमारनं विचारलं, "कसं झालं?" चंपत म्हणाला, "मीठ बराबर हाय." मग आणखी एक पळी वाढली, तीही त्यानं खाल्ली.

विमलबाई हात धुऊन गोठ्याकडं निघाली.

"कुठं चालल्या वैनी?"

"रेणुकाले पाहून येतो."

"झोपली हाय."

"हे मिक्सर घडघडून राह्यलं, अन् झोपली?"

"गोळी देल्ली."

"हटा भाऊजी. बोलणं बंद हाय, पाहणं नाई बंद."

ती आत गेली. चंपत दाराशी उभा राहिला. आता किंकाळी येईल, मग घमेली खाली पडतील. किंकाळी आली नाही. विमलबाई बाहेर आली, पदरानं डोळे पुसत.

"डोयात सिमिट गेलं," ती म्हणाली. मग रांगेकडं तोंड करून मोठ्यांदा ओरडली, "झोपली हाय बिचारी! तिकडं कोणी जाऊ नका! अन् तुमी का पाहून राह्यले माह्या तोंडाकडं? उचला घमेले!"

एवढं बोलून ती गोठ्याच्या दारात आडवी बसली आणि हातात एक फांदी घेऊन माश्या हाकत राहिली.

उन्हं कलली तेव्हा राजकुमारनं शेवटचा रंधा फिरवला. "झालं मालक!" मिक्सर बंद पडलं. पंकज खाली उतरून म्हणाला, "एक सांधा नाई काका."

चंपतनं तोंड उघडलं. आवाजच फुटेना. तेव्हा गोठ्याच्या दारातून विमलबाईनं जो गळा काढला, त्यानं बाहेर बांधलेले बैल उभे राहिले.

आंघोळ घालताना बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. अंग लाकडासारखं झालेलं. "हे केव्हाची गेली व?"

"आत्ताच," विमलबाई पाणी ओतत म्हणाली. "मी होतो ना तिथं. तिचं अंग पह्यलेपासूनच कडक. मले इचारा, बांधावर एक बोट सरकली नाई."

तरी गावाची जीभ कोण धरणार? बायको मरून पडली अन् नवरा मटण चघळत होता, हे दुसऱ्या सकाळी तिरडी बांधता बांधताच सुरू झालं. रात्रीच्या बसनं हैदराबादेहून आलेल्या भूषणनं, चंपतच्या पोरानं, तेही ऐकलं आणि बापाकडं न बघता मडकं धरलं.

मसणवटीतून आल्यावर माणसं कडुलिंबाखाली बसली. चंपत बसला नाही. शिडी चढून तो नव्या सलॅबवर गेला. नवी सलॅब तडकू नये म्हणून पाणी साठवायला मातीची आळी घातलेली होती, त्यांत त्यानं पाइप सोडला. खालून कोणीतरी म्हणालं, "डोस्कं फिरलं याचं."

भेटायला आलेला पंकज मागोमाग वर आला.

"काका, काल दुपारी तुमी मले इचारलं, थांबवलं त म्हणून. तवाच?"

"हो."

पंकज पाण्यातच खाली बसला. त्याची पँट ओली झाली, ते त्याला कळलं नाही. "सांगायचं नं काका. मी थांबवलं असतं."

"मनूनच नाई सांगलं," चंपत म्हणाला, आणि पाइप पुढच्या कोरड्या आळ्यात टाकला.