पेटवायची कांडी

डिसेंबर लागला आणि अल्बिनाच्या घरातली पेलेटची शेगडी रुसली. बटण दाबलं की पंखा घुरघुरायचा, पेलेट, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्या, टपटप आतल्या जळणाच्या भांड्यात पडायच्या, पण वीस मिनिटं झाली तरी ज्योतीचा पत्ता नाही. शेवटी लाल अक्षरं उमटायची आणि शेगडी गप्प व्हायची.

तोल्मेझ्झो गावच्या कारागिराने फोनवर हात झटकले. "अकरा दिवस तरी जमायचं नाही, बाई. खोऱ्यातल्या सगळ्या शेगड्या एकदमच आजारी पडतात."

अकरा दिवस तिने एकटीने कुडकुडत काढले असते. पण खुर्चीत तुलिओ होता, तिचा नवरा. चाळीस वर्षं विजेची कामं केलेला माणूस. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द विस्कटले. डोक्यात सगळं लख्ख, पण तोंडातून भलतंच निघायचं. शब्द शोधताना त्याची होणारी तगमग तिला बघवत नसे, म्हणून तिने त्याला काही विचारणंच सोडलं होतं.

रविवारी सकाळी ती शेगडीपुढे गुडघे टेकून राख खरवडत होती.

"खिडक्या," तुलिओ म्हणाला.

"बंद आहेत रे सगळ्या."

त्याने मान हलवली आणि डाव्या हाताने भांड्याचा तळ दाखवला. तळाची बारीक भोकं राखेने बुजली होती. तिने ती सुईने मोकळी केली, तरी शेगडी पेटेना. मग त्याने काडी ओढल्याची खूण केली. तिने गोळ्यांवर पेटती ढलपी ठेवली, तशी शेगडी झकास जळू लागली.

"मेली," तो म्हणाला.

"कोण मेली आता?"

त्याचं बोट भांड्याच्या मागे गेलं. गोळ्या येत होत्या, हवा येत होती, आग धरत होती. म्हणजे बिघडली होती ती विजेने तापून गोळ्या पेटवणारी कांडी.

सोमवारी ती दुकानातून त्याच शेगडीची नवी कांडी घेऊन आली. शेगडी गार झाली होती. ती पत्रा उघडायला वाकली, तर तुलिओ खुर्चीवर हात आपटायला लागला. तिने प्लग काढून त्याच्यासमोर धरला, तेव्हाच तो थांबला.

"चमचा," त्याने हात पुढे केला.

"सूप नाही करत मी. स्क्रू काढतेय."

तो हसला. मार्चनंतर ते हसू तिने पाहिलं नव्हतं. तिने गुपचूप पेचकस उचलला.

दोन तारा सुटल्या, स्क्रू ढिला झाला, जुनी कांडी बाहेर आली. तिच्यावर तुलिओचा वीज तपासायचा मीटर लावला तर आकडाच येईना, म्हणजे ती आतून तुटलेली; नवीवर लगेच आला. अल्बिनाने नवी कांडी आत सरकवली.

"नाही," तुलिओ म्हणाला.

"बसली की."

"नाही. नाही."

"मग ऊठ आणि तूच कर!"

तो आपल्या लुळ्या हाताकडे बघत राहिला. ते शब्द परत गिळता आले असते तर तिने गिळले असते. मग त्यानेच दोन बोटांत चिमूटभर अंतर धरून दाखवलं: इतकी अजून आत.

तिने कांडी परत बाहेर ओढली आणि ती बसते त्या नळीत तार घालून पाहिली. आत राखेचा दगड झाला होता. तो फोडून काढल्यावर कांडी सरळ भांड्याला जाऊन भिडली. तिने तुलिओकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून होकार दिला.

तारा जोडून, पत्रा लावून तिने बटण दाबलं. सातव्या मिनिटाला गोळ्यांतून धूर निघाला आणि पाठोपाठ पिवळी ज्योत उभी राहिली.

अल्बिनाने हात पुसले, स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

"वरच्या खोलीतला दिवा महिनाभर लुकलुकतोय. कशाने असेल?"

तुलिओने कपाळाला आठ्या घातल्या. ओठ हलले, थांबले. "पाव," तो म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला.

"पाव नाही," ती म्हणाली. "सांग सावकाश. मला कुठे जायचंय?"