उंबऱ्यावरचा अर्धा शब्द

वाळू उधळणारा शमाल वारा सुटला की बहरीनमधल्या मुहर्रकच्या आमच्या इमारतीत दुपारचा उजेड पिवळट, धुळकट होऊन जिन्यावरून उतरायचा आणि त्याच्या मागोमाग उतरायची हसनचाचांची पावलं. एक पाऊल, थोडी विश्रांती, मग दुसरं. दारापाशी आल्यावर ते घंटी वाजवत नसत. बोटांची पेरं चौकटीला हलकेच टेकवून एकच शब्द उच्चारत, ‘ओने’. खाऱ्या हवेत मुरलेल्या त्या घोगऱ्या गळ्यातून तो शब्द शंखाच्या पोटातून आल्यासारखा यायचा. शेवटचा स्वर लांबवून ते थांबत. मी आतून “या चाचा” म्हटलं, तरी क्षणभर आणखी थांबत आणि मगच आत पाऊल टाकत. ते क्षणभराचं थांबणं मला दिसायचं. त्याचा अर्थ मात्र कित्येक वर्षं कळला नाही.

चाचा मुरूडजवळच्या राजपुरीचे. मिसरूड फुटायच्या वयात जहाजावर चढलेले, आयुष्याचा मोठा भाग मालवाहू बोटींवर काढलेले आणि बायको गेल्यावर मुलानं, सलीमनं, बहरीनला आणून ठेवलेले. आमच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर. सलीम आणि शबाना, मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. नात सानियाला मराठी समजे, पण उत्तर इंग्रजीत येई. त्या घरात त्यांच्याशी कुणी वाईट वागत नव्हतं. शबाना त्यांच्या गोळ्या वेळेवर काढून ठेवी, सलीम शुक्रवारी त्यांना हाताला धरून मशिदीत नेई. पण शुक्रवार-शनिवारची सुटी संपली की आठवडाभराच्या शांततेत ते असे बुडून जात, जसा ओहोटीला आत गेलेला समुद्र किनाऱ्याला विसरून जातो. माझा नवरा समुद्रावरच्या पुलापलीकडे, सौदीतल्या दम्मामला कामाला, मी विमानतळावरच्या कार्गो ऑफिसात सकाळच्या शिफ्टला. तीन वाजता घरी आले की मीही एकटीच. म्हणून ते माझ्याकडे येत आणि कोऱ्या चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून, बहरीनमध्ये दुसऱ्या कुणाला ज्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, अशा एका देशाबद्दल बोलत. तो देश म्हणजे हैती.

पन्नास वर्षांपूर्वी त्यांचं जहाज हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बंदरात अडकलं होतं. मालकानं जहाज टाकून दिलं, कागदपत्रं गहाळ झाली आणि जहाजावरची माणसं महिनोन् महिने गंजत्या लोखंडावर बसून राहिली. चाचांना ताप भरला. बंदरावर भाजी विकायला येणाऱ्या लूसियान नावाच्या बाईनं त्यांना गाढवावर बसवून डोंगराखालच्या आपल्या गावी नेलं आणि चार महिने स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. ती विधवा होती, वयानं चाचांपेक्षा पुष्कळ मोठी. तिच्या दारातून वर पाहिलं की ढगांच्या वर एक किल्ला दिसायचा.

“आमच्या राजपुरीलासुद्धा दारातून किल्लाच दिसतो,” चाचा म्हणत. “आमचा पाण्यात, तिचा आभाळात. दोन्ही हबशांचे. मला तर तापात वाटलं, मी घरीच आलोय, फक्त समुद्र कुणीतरी उचलून नेलाय.”

त्या किल्ल्याची कथा सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. वाऱ्याविरुद्ध शीड ताणलं जावं, तसा तो ताठ व्हायचा. उसाच्या मळ्यांत गुरांसारखं राबवलेल्या माणसांनी एका रात्री मळे पेटवले, तेरा वर्षं झुंज दिली, फ्रान्सचं मोठं सैन्य परतवलं आणि आपल्या देशाला आपणच नाव दिलं. त्यांच्यातलाच एक सेनापती, जो म्हणे लहानपणी खानावळीत राबलेला, तो पुढं उत्तरेचा राजा झाला. त्यानं दरबार उभारला, सरदारांना किताब वाटले आणि फ्रेंच परत येतील या भयानं डोंगरमाथ्यावर तो अजस्र किल्ला बांधला. फ्रेंच आलेच नाहीत. तोफगोळ्यांच्या राशी अजून तिथं तशाच रचलेल्या आहेत, चाचांनी त्यांच्यावरून हात फिरवलेला. पुढं राजाला अर्धांगवायू झाला, सैन्य उलटलं, पहारेकरी एकेक करून निघून गेले आणि रिकाम्या होत गेलेल्या त्या महालात त्यानं स्वतःला संपवलं. राणी आणि दोन मुलींनी त्याचा देह त्याच किल्ल्यावर पोचवला. मग त्या तिघी समुद्र ओलांडून गेल्या, त्या कधी परतल्या नाहीत.

“राजा गेला ते ठीक,” चाचा म्हणायचे. “राणीचं सांग पोरी. तिनं पुढं कुणाशी बोलायचं?”

 उत्तर त्यांना हवंच नसे. राणीपाशी पोचले की ते लूसियानकडे वळत आणि तिथंच बोलणं थांबवत. एका दुपारी मात्र त्यांनी पुढचं सांगितलं. वकिलातीची गाडी एका पहाटे अचानक बंदरात आली होती. चाचा आदल्या दिवशी जहाजावरून कपडे आणायला गेले होते, तिथूनच त्यांना गाडीत बसवलं गेलं. लूसियान घरी वाट पाहत असेल, निरोप द्यायला हवा, हे त्यांना हिंदीत सांगता येत होतं, इंग्रजीत मोडकंतोडकं सांगता येत होतं. ऐकायला मात्र कुणाला वेळ नव्हता. पुढं पत्र लिहायचं तर तिला वाचता येत नव्हतं आणि गावातलं दुसरं कुणाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

“तिला वाटलं असेल, बरा झाला आणि पळाला,” ते म्हणाले. “पन्नास वर्षं तिला तेच वाटत असेल.”

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक बाई पुस्तकांचं पार्सल सोडवायला माझ्या काउंटरवर आली. पन्नाशीची, सावळ्याहूनही सावळी, केस घट्ट मागं बांधलेले, सखीरच्या विद्यापीठात फ्रेंच शिकवणारी. नाव रोझलीन. ओळखपत्र तपासताना मी राष्ट्रीयत्वाच्या ओळीवर थबकले. तिथं हैती लिहिलं होतं.  त्या देशाचा म्हणून माझ्यापाशी एकच शब्द असावा, असा माझा अंदाज होता. मी तो चाचांसारखाच, शेवटचा स्वर लांबवून उच्चारला.

तिचा सही करणारा हात थांबला. तिनं मान वर केली आणि जणू कुणी मागून बोलावलं असावं, अशा स्वरात म्हणाली, “रेस्पे.”

मग तिनं मला सांगितलं. तिच्याकडे खेड्यात कुणाच्या घरी गेलं की उंबऱ्याबाहेर उभं राहून ‘ओने’ म्हणायचं, म्हणजे मान. आतल्या माणसानं ‘रेस्पे’ म्हणायचं, म्हणजे आदर. हे उत्तर आल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. तिनं विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी सांगू लागले, पण माझं चित्त त्या वाक्यांत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं फक्त माझं दार होतं आणि दाराबाहेर क्षणभर थांबलेला एक म्हातारा माणूस, वर्षानुवर्षं अर्धं अभिवादन हातात धरून उभा.

त्याच संध्याकाळी मी वर गेले. विचारलं, “चाचा, उत्तर द्यायचं असतं, हे सांगितलं का नाही कधी?”

ते ओशाळं हसले. “मागून घेतला तर तो मान कसला?”

शुक्रवारी दुपारी माझ्या बोलावण्यावरून रोझलीन आली. मी तिला वरच्या मजल्यावर नेलं; सलीम-शबाना मुलीला घेऊन बाहेर गेले होते. दार उघडंच होतं. रोझलीन उंबऱ्याबाहेर थांबली, चौकटीवर हात ठेवला आणि म्हणाली, “ओने.”  विमान उतरल्याचा आवाज आला, विरला. मग आतून चाचांचा तोच घोगरा स्वर आला, पण असा सावकाश, असा जपून, जशी भरलेली घागर उचलून आणावी. “रेस्पे.”

ते दोघं तासभर बोलले. चाचांची तिकडची बोली गंजलेली होती. शब्द अडला की ते इंग्रजी मिसळत, तेही अडलं की हातांनी बोलत. त्यांनी किल्ल्याचं वर्णन केलं, राजाची थोरवी गायली. रोझलीननं ते ऐकून घेतलं आणि मग मलाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, “माझ्या आजीच्या आजीची माणसं त्या किल्ल्यासाठी दगड वाहायची. नुकतीच मोकळी झालेली माणसं, पुन्हा ओझ्याखाली. कितीजण त्या वाटेवर पडले, याची कुणाला गणती नाही.” चाचांचा चेहरा पडला. ते पाहून ती हळूच पुढं म्हणाली, “तरीही लहानपणी बाबांनी मला खांद्यावर बसवून वर नेलं, तेव्हा मला वाटलं होतं की हे सगळं माझं आहे. ते वाटणं अजून गेलेलं नाही. दोन्ही खरं आहे, चाचा.”

‘चाचा’ हा शब्द तिनं माझ्याकडून उचलला होता. तिच्या जिभेवर तो जरा वेगळाच वाजला.

तिची धाकटी बहीण अजून तिकडेच होती. राजधानीचे रस्ते बंदूकधाऱ्यांच्या हाती, विमानं आज आहेत तर उद्या नाहीत. रोझलीननं बहिणीला सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. इटलीतल्या ज्या थंड शहरात ती राणी दोन्ही मुलींना मूठमाती देऊन एकटी उरली, तिथं रोझलीन विद्यार्थिदशेत एकदा जाऊन आली होती. राणीच्या भाषेत बोलणारं त्या शहरात त्या दिवशी तिला कुणी भेटलं नाही, म्हणून राणीला जिथं पुरलं त्या प्रार्थनामंदिराच्या बाकावर बसून ती स्वतःशीच थोडं बोलली. हे ऐकताना चाचांनी मान डोलावली, जशी आपण नात्यातल्या माणसाची खुशाली कळल्यावर डोलावतो.

ती निघताना चाचांनी तिला लूसियानचं नाव सांगितलं. गावाचं, ओढ्याचं, घराच्या निळ्या दाराचं वर्णन सांगितलं. रोझलीननं ते सगळं तिकडच्या बहिणीला कळवलं.

उत्तर यायला सात आठवडे लागले. त्या काळात चाचा रोज खाली यायचे; मी ‘रेस्पे’ म्हणायचे आणि ते लगेच आत यायचे. मग एके दिवशी रोझलीन आधी माझ्याकडे आली. बहीण त्या गावी जाऊन आली होती. लूसियान केव्हाच गेली होती. तिचा नातू भेटला. आजीनं आजारी माणसं, वाट चुकलेली माणसं पुष्कळ सांभाळली, असं तो म्हणाला. हिंदुस्थानी खलाशाबद्दल तिनं कधी काही बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं.

“त्यांना दुसरं काही सांगूया,” मी म्हटलं. “म्हणावं, तिला सगळं समजलं होतं, ती तुमची आठवण काढायची.”

रोझलीननं मान हलवली. “आमच्या देशाबद्दल दुसऱ्यांनी सांगितलेलं खोटं आम्ही पुष्कळ ऐकलंय,” ती म्हणाली. “एका चांगल्या माणसाला तसलंच आणखी एक मी नाही देणार.”

तिनं जसं होतं तसं सांगितलं. चाचांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.  मला वाटलं, पन्नास वर्षांचं ओझं आता यांच्यावर एकदम कोसळणार.

“म्हणजे राग धरून नव्हती,” ते अखेर म्हणाले. “मी एकटा नव्हतोच तर तिच्या घरात. पुष्कळ होते.” आणि थोड्या वेळानं, कुणाकडेही न पाहता, “बरं झालं.”

बरं झालं, हे ते खरंच म्हणाले. पण त्या दिवसानंतर त्यांच्या पावलांतलं जिन्यावरून उतरण्याचं बळ कमी होत गेलं. जिच्यापाशी मनातल्या मनात पन्नास वर्षं क्षमा मागितली, तिच्या मनात क्षमा करण्याजोगं काही कधी नव्हतंच. मोकळं होणंही माणसाला रितं करून जातं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. उन्हाळ्यात सलीमनं रजा काढली आणि त्यांच्याच हट्टानं त्यांना राजपुरीला नेलं. व्हिसाची मुदत संपली, ती पुन्हा वाढवली नाही. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी सलीम खाली आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, “अब्बा गेले.” सानिया त्याच्या मागं होती. ती मराठीत म्हणाली, “झोपेतच.” तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला मराठी शब्द.

रोझलीनला मी ते समुद्राकाठी सांगितलं. ओहोटी होती, पाणी दूर गेलेलं, उघड्या चिखलावर पांढरे पक्षी काहीतरी टिपत होते. ती रडली नाही. पुष्कळ वेळ चालत राहिली आणि मग म्हणाली, या बेटावर माझ्या देशाबद्दल मला काही विचारणारा तेवढा एकच माणूस होता. मी तिचा हात धरला.  एका म्हाताऱ्या माणसाच्या जाण्यानं एखाद्या बेटावरून एक सबंध देश नाहीसा होऊ शकतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. असा नाहीसा झालेला देश जपायला दोन परक्या बायकांची आठवण पुरी पडते का, ते मात्र काळानं अजून सांगितलेलं नाही.