शेऱ्याचा रकाना

विमलताईंनी ब्लाउज काउंटरवर आपटला नाही. नीट घडी घालून, वरून हात फिरवून ठेवला, आणि शिवणकाम करणाऱ्या हजराबींना त्याचीच जास्त धास्ती वाटली. पुतण्याच्या साखरपुड्यासाठी दोघी जावांनी एकाच ताग्यातलं जांभळं कापड शिवायला टाकलं होतं, आणि देताना दोन्ही ब्लाउजांची अदलाबदल झाली. विमलताईंचे हुक लागेनात, म्हणून ढाणकी गावच्या मे महिन्यात त्यांनी सगळा साखरपुडा शाल पांघरून पार पाडला. धाकटी जाऊ हंसाबाई त्यांचा ढगळ ब्लाउज सात सेफ्टी पिनांनी आवळून दिवसभर पंगतीत वाढत होती. तिने कुणाला काही सांगितलंसुद्धा नाही.

हजराबींनी चूक कबूल केली आणि दोष वहीवर ढकलला. वहीत दोघींची मापं एकाच पानावर होती.

कोपऱ्यात हुक लावत बसलेल्या सुनेला, आरिफाला, हेच हवं होतं. ती बाभुळगावची, लग्न होऊन आठ महिने झालेले. फोनवर नोंदी कशा ठेवाव्यात याचे बत्तीस धडे तिने दुपारच्या फावल्या वेळात पाहून संपवले होते आणि ते ज्ञान वापरायला तिला जागा मिळत नव्हती. त्याच संध्याकाळी तिने सासूला समजावलं, की एका बाईला एक पान द्यायचं. त्यात माप, कापडाचा फोटो, द्यायची तारीख, आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. नाव टाकलं की पान हजर. हजराबींनी शेरा म्हणजे काय ते विचारलं. डोक्यात जे जे आहे ते सगळं तिथे उतरवायचं, म्हणजे डोकं हलकं राहतं, असं आरिफाने सांगितलं. चौदाव्या धड्यात तेच होतं.

हजराबींच्या डोक्यात तेवीस वर्षांचं साठलेलं होतं आणि ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. चार दिवस त्या कापड कापता कापता सांगत राहिल्या. घरात बोलणं हिंदी-उर्दूत चाले, पण आरिफा मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे नोंदी मराठीत उतरल्या, आणि ती प्रामाणिकपणे एकही शब्द गाळत नव्हती.

‘विमलताई : अडतीस म्हणायचं, चाळीस कापायचं. जावेसमोर टेप मोठ्याने वाचायचा नाही.’

‘लालीबाई : नवरा सोबत असला की गळा लहान सांगते. दुसऱ्या दिवशी एकटी येऊन मोठा करून घेते. पहिल्या दिवशी कापूच नये.’

पाचव्या दिवसापासून हजराबी जेवणानंतर चक्क झोपू लागल्या. अय्याजने गॅरेजमधून येऊन आईला दुपारी घोरताना पाहिलं आणि बायकोला विचारलं, की हिची तब्येत बरी आहे ना.

पंधरा दिवस कामं वेळेवर गेली. मग पुण्याहून विमलताईंच्या मुलीचा, सलोनीचा निरोप आला. तिला आईसाठी तिकडेच एक ब्लाउज शिवून घ्यायचा होता. माप पाठवता का? आरिफाने तत्परतेने पाठवलं. एका पानाऐवजी आपण सगळं दप्तरच पाठवलं, हे तिला कळायला दोन तास लागले. तोवर सलोनीने ते हसत हसत घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि तिथून ते भिशीच्या ग्रुपवर गेलं होतं.

आरिफाने रडत सासूला सांगितलं. हजराबी ओरडल्या नाहीत. त्यांनी सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचून दाखवायला सांगितल्या आणि डोळे मिटून ऐकल्या. मध्ये दोनदा त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. शेवटी म्हणाल्या, की खोटं तर एकही नाही, आणि तीच पंचाईत आहे. उद्यापासून गावातल्या बायका दुसरा टेलर शोधतील, हे दोघींनीही धरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच लालीबाई पायरीवर बसलेली होती. तिची तक्रार एवढीच, की नवऱ्याने वाचलंय, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. गळा पहिल्याच दिवशी मोठा कापा. अकराच्या सुमारास विमलताई आल्या. पंख्याखाली बसून त्यांनी पदराने घाम टिपला.

“अकरा वर्सं मले अडतीसच वाटत होतं,” त्या म्हणाल्या.

हजराबींनी त्यांना पाणी दिलं. विमलताईंनी ते पिऊन टाकलं आणि पिशवीतून नवं कापड काढलं.

“आता कापशीन तेच बोलजो. साऱ्या गावाले मालूम हाय.”

दिवसभर असंच चाललं. कुणी शेरा दुरुस्त करून घेतला, कुणी जावेचा, नणंदेचा शेरा पुन्हा वाचायला मागितला. आरिफाचा जीव भांड्यात पडला. ऊन कलल्यावर हंसाबाई आली. तिच्याजवळ कापड नव्हतं. ती दारातच उभी राहिली आणि हजराबींकडे न बघता आरिफाला म्हणाली,

“माह्यं पान कोरं काहून हाय व?”

आरिफाने पान उघडलं. मापं होती, तारीख होती. शेऱ्याच्या जागी काही नव्हतं.

“पंधरा वर्सं येऊन राह्यली मी,” हंसाबाई म्हणाली. “साऱ्याइचं काही ना काही लिवलं. माह्यंच नाही.”

हजराबींनी कात्री खाली ठेवली. त्या आठवू लागल्या. आठवता आठवता त्यांचा चेहरा उतरत गेला, तो आरिफाने पाहिला. पंधरा वर्षांत या बाईने काही मागितलं नव्हतं, काही परत आणलं नव्हतं, एकदाही तक्रार केली नव्हती. सांगण्यासारखं काही सापडेना. त्यांनी गळ्यातला टेप काढून आरिफाच्या हातात दिला.

“तू घे माप. तुले काय दिसते ते लिव.”

आरिफाने कधी कुणाचं माप घेतलं नव्हतं. तिने पडदा ओढला, हंसाबाईच्या पाठीमागून टेप फिरवला. आकडा चौतीस आला, पानावर होता तोच. ती टेप सोडणार, एवढ्यात तिच्या लक्षात आलं, की हंसाबाई श्वास घेत नाही. टेप लागताक्षणी तिने अंग चोरून घेतलं होतं आणि ती तशीच उभी होती. आरिफा टेप सैल धरून वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळाने हंसाबाईला श्वास सोडावा लागला, आणि टेप आरिफाच्या बोटांतून सरकत साडेपस्तिसावर थांबला.

हजराबी पडद्याच्या कडेशी उभ्या होत्या. त्यांनी आकडा पाहिला, मग मान वळवून उगाच बाहेर रस्त्याकडे बघत राहिल्या.

आरिफा स्टुलावर बसून लिहू लागली. लिहायला वेळ लागला. हंसाबाई पदर सारखा करत तिच्या अंगठ्याकडे बघत होती.

“काय लिवलं?”

“ते दुकानाचं हाय, काकू. आता आमी कोनाले दाखवत नसतो.”

“मले बी नाही?”

आरिफाने फोन कापडाखाली पालथा ठेवला.

हंसाबाईने जरा विचार केला. “मोठं हाय काय पन?”

“चार ओळी हाय.”

हंसाबाईने मान हलवली, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरली. रस्त्यावर जाताच तिने फोन कानाला लावला. ती सहसा हळू बोलायची, पण या वेळी तिचा आवाज दुकानात स्वच्छ ऐकू आला.

“विमलताई, चार ओळी हाय माह्यावर. नाही, वाचून नाही दाखवल्या. तुमच्या दोनच हाय न?”