पुढच्या साली पाऊस

कॅनडातल्या सस्कॅचवानच्या माळावरच्या त्या गावचा नगराध्यक्ष हाल्वर रुस्ताद, लाकडाच्या वखारीचा मालकही तोच. वर्षानुवर्षं धुळीची वादळं गहू गिळत होती, तरी सामान बांधणाऱ्या प्रत्येकाला तो अडवायचा. "पुढच्या साली पाऊस येणारच. पळताय कसले? मूळ धरा!" स्वतःची बायको-पोरं मात्र शहाण्यानं केव्हाच समुद्रकाठी धाडली होती.

भावाकडं निघालेल्या इंगा मोएनलाही त्यानं असंच थांबवलं होतं. आज ती शवपेटीसाठी फळ्या मागायला आली. छातीत धूळ भरून तिचं बाळ गेलं होतं.

हाल्वरनं फळ्या मापून कापल्या. "पोरी, पैसे नकोत. तू भावाकडं निघून जा. माझी गाडी ने."

"आता कुठं जाऊ, अध्यक्षसाहेब?" फळ्या उचलत ती म्हणाली. "उद्या त्याला इथंच पुरायचंय. धरलं की आम्ही मूळ."