घोड्यांच्या टापांखालचं गाणं

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे, पण मला वेळ विचारू नका. माझ्याकडे एकच काटा, तोही सेकंदाचा. हॉलिवूडच्या एका स्टुडिओत, चित्रपटांचं संगीत मुद्रित व्हायचं तिथे, मी संगीतकारासमोर उभा असायचो. पडद्यावर नायिकेचा हात कडीवर पडला की इकडे व्हायोलिनं थांबलीच पाहिजेत. ते माझ्याकडे बघून साधायचं.

बघणारे होते एमिल सोमोडी. बुडापेस्टहून आलेले, जिभेने तिखट. स्टुडिओचे मालक ग्रोगनसाहेब त्यांना 'उस्ताद' म्हणायचे आणि सुताराहून वाईट वागवायचे. सुताराने केलेल्या खुर्चीला निदान कुणी मागाहून आरी लावत नसे.

एका चित्रपटात एक विधवा नवऱ्याला पुरून एकटी परतते आणि तिच्यासमोरून सगळं गाव घोड्यांवरून निघून जातं. तिथे एमिलनी थोडी व्हायोलिनं आणि एक ओबो, म्हणजे आपल्या सनईची दूरची बहीण, एवढंच ठेवलं. वाजवून झाल्यावर व्हायोलिनवाल्यांनी स्टँडवर गज आपटून दाद दिली. ही मंडळी एरवी फक्त जेवणाच्या सुट्टीला खूश होतात.

ग्रोगनसाहेब म्हणाले, "उस्ताद, गाणं झकास. पण माझे घोडे कुठे ऐकू येतात?"

"साहेब, दिसताहेत की!"

"एवढे घोडे काय मुके म्हणून आणलेत? टापा वाढवा."

टापा वाढल्या. ओबो त्यांच्याखाली गेला.

एमिलनी लेकीला, मॅग्डाला, समजावलं, "जाऊ दे गं. सूर लिहिलेले कागद आहेत ना? कधीतरी कुणीतरी नीट वाजवेल."

पण तिथली रीत अशी, की लिहायचं संगीतकाराने आणि कागद स्टुडिओचे. एमिल गेले. पुढे नव्या मालकांना गाड्या उभ्या करायला जागा हवी झाली, आणि संगीताचे सगळे कागद ट्रकमध्ये भरून खड्ड्यात पुरले. मॅग्डा धावत आली तेव्हा भंगारात मी तेवढा उरलो होतो. तिथला कारकून म्हणाला, "बाई, रडता कशाला? सिनेमा आहे ना! त्यातच आहे सगळं."

बऱ्याच वर्षांनी शहराला एमिलची आठवण झाली. नील नावाच्या तरुण संगीतकाराने तो चित्रपट पुन्हा पुन्हा ऐकून सुरावट कागदावर उतरवली. कार्यक्रमात शोभेला म्हणून मला रंगमंचावर ठेवलं. ओबो सुरू झाला. पहिल्या रांगेत म्हाताऱ्या मॅग्डाने डोळे मिटले. आणि मग ढोल वाजू लागले.

सभागृह उभं राहिलं. कुणीतरी ओरडलंसुद्धा, "वा! काय ढोल आहेत!"

नील धावत मॅग्डाकडे आला. "आजी, ते ढोल! तिथेच तर तुमच्या वडिलांची खरी कमाल!"

"ते ढोल नाहीत रे बाळा. ते ग्रोगनचे घोडे आहेत."

नीलचा चेहरा उतरला. "मग... त्यांच्याखाली काय होतं?"

मॅग्डाने माझ्याकडे बघितलं. ते सूर मी ऐकले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण एका काट्याने मी काय सांगणार? ते किती वेळ चाललं, एवढंच.

पुढच्या कार्यक्रमातही ढोल ठेवलेच. लोकांना आवडतात म्हणे.

मित्रांनो, माणूस गेल्यावर सभागृह भरवायला कुणीही येतं. तो असतानाच त्याचे कागद कोरड्या जागी जपून ठेवा. नाहीतर तुम्हीही एक दिवस उभे राहाल आणि घोड्यांना टाळ्या वाजवाल.