आधी कोंबडी

अकोल्याच्या विहिरींचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, आणि माणसांच्या जिभाही जरा त्याच चवीच्या. पण हे पाणी इंग्रजाच्या बॉयलरलाही बाधेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आगगाडी गावात आली, तिच्यामागोमाग टेसनाजवळ कापूस दाबायचा प्रेस आला, आणि एकाच हंगामात बॉयलरच्या पोटात दोन बोटं जाड पांढरा थर बसला. लाकडं दुप्पट जळायची, वाफ मात्र अर्धी.

इलाज काढला अब्दुल सत्तार मिस्त्रीनं. मुंबईच्या गिरणीत शिकून आलेला माणूस. त्यानं आग विझवून बॉयलर चार दिवस थंड केला, आत पाणी भरलं, आणि पेंढ्यात गुंडाळून आलेल्या बरण्यांतलं तेजाब, म्हणजे जहाल आम्ल, त्यात हळूहळू सोडलं. "आधी पाणी, मंग तेजाब. उलटं केलं तं तोंडावर उडते," हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. दोन दिवस बॉयलर आंबलेल्या ताकासारखा फसफसला. तिसऱ्या दिवशी खालची तोटी उघडून पाणी सोडून दिलं. आता कुणीतरी आत उतरून उरलेले पोपडे छिन्नीनं खरवडायचे होते. वरचं भोक एवढंसं, की अख्ख्या प्रेसमध्ये त्यातून जाईल असा एकटा नत्थुजी. जन्मभर 'काडी' म्हणून हिणवलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा मोलाचा ठरला होता.

त्याची बायको गोदाबाई दुपारची शिदोरी घेऊन आली, तेव्हा तो लंगोट कसून बॉयलरवर चढायच्या बेतात होता.

"आत दिवा सोडून पाह्यला का?" तिनं विचारलं.

"दिवा नाही चालत, बाई," मिस्त्री म्हणाला. "तेजाब लोखंडाले लागलं का जे हवा निघते, ते पेट घेते. मी कोणाले बिडीबी ओढू देत नाही."

"मंग आत जीव राह्यते का नाही, हे कसं समजन?"

"पाणी गेलं, तेजाब गेलं. आता काय हाये आत?"

"पेवातबी नुसती जवारीच होती," गोदाबाई म्हणाली.

तिच्या माहेरी जमिनीत खोल पेवं होती, धान्य साठवायची. पेव उघडलं की आधी दोरीनं दिवा सोडायचा. तो विझला तर आतली हवा मारकी, माणूस उतरत नाही. एका साली तिचा काका घाईत तसाच उतरला. वर काढला तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता. फक्त जीव नव्हता.

"सरक वं," नत्थुजी म्हणाला. घरी दिवसाला सात-आठ शब्द खर्चणारा माणूस; त्यातले दोन इथेच गेले.

गोदाबाई सरकली नाही. तिनं पदर खोचला, शिडी चढली आणि सरळ त्या भोकावर जाऊन बसली.

"आता उतरा."

बॉयलरवर बाई बसली म्हणून सगळा प्रेस गोळा झाला. मिस्त्रीची बायको शहाजादीही आवारातल्या खोलीतून धावत आली, आणि तिच्यामागे सरकी टिपत तिची कोंबडी. गोदाबाईची नजर त्या कोंबडीवर थांबली.

"भाभी, दिवा नाही चालत तं हे द्या."

"मेरी मुर्गी?" शहाजादी किंचाळली. "मिस्त्री को उतारो ना! वो तो अंडे भी नहीं देता."

मिस्त्री सोडून सगळे हसले. मग शहाजादीनं नत्थुजीच्या उघड्या बरगड्यांकडे पाहिलं, आणि कोंबडी उचलून स्वतःच टोपलीत ठेवली.

गोदाबाई उठली. टोपली दोरीनं आत गेली. कोंबडी तणतणत होती. मग जरा कमी. मग काहीच नाही.

"वर घ्या!"

कोंबडीची मान लोंबकळत होती. आता कुणी हसलं नाही. शहाजादीनं तिला उघड्यावर नेलं, चोचीवर पाणी शिंपडलं, ओढणीनं वारा घातला. बऱ्याच वेळानं कोंबडीनं एक डोळा उघडला आणि मालकिणीकडे असं पाहिलं, की शहाजादीनंच नजर चुकवली.

तेव्हा कुठे गोदाबाई खाली उतरून शिडीशी बसली. नत्थुजी तिच्या शेजारी येऊन बसला.

"बाई, हे मले मुंबईत कोणी सांगतलं नाही," मिस्त्री हळूच म्हणाला.

"मुंबईत पेवं नसतीन."

मग बॉयलर दोनदा काठोकाठ भरून रिता केला. एकदा पाण्यात पापडखार घालून, तेजाबाचा उरलासुरला अंश मरावा म्हणून. वरची-खालची तोंडं उघडी ठेवून दिवसभर सुपांनी वारा घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आधी कोंबडी. ती आत असेतो एकसारखी बडबडत राहिली आणि वर येताच मिस्त्रीच्या बोटाला चोच मारली.

त्यानंतर नत्थुजी उतरला. कमरेला दोर, दोराचं टोक गोदाबाईच्या मुठीत. शहाजादी आरसा धरून उन्हाचा कवडसा आत पाडत होती.

"बोलत राहा," गोदाबाईनं बजावलं. "आवाज थांबला का मी ओढते."

नत्थुजी बोलायला लागला. भाकर जाड होते, म्हणाला. झुणका बरा होता. छिन्नी बोथट आहे. लग्नात तिच्या मामानं दिलेला बैल आंधळा होता, हेही निघालं. वीस वर्षांचं साचलेलं पोपड्यांबरोबर सुटत होतं, आणि गोदाबाई दोर धरून ऐकत होती.

दुपार कलली आणि आतला आवाज थांबला. तिनं दोर ओढला.

"जित्ता हावो वं, जित्ता!" आतून घुमलं. "बोलाले काहीच उरलं नाही!"

"मंग कोंबडीवानी करा."

मग बॉयलरच्या पोटातून, लाजत लाजत, आवाज आला: "कुक्‌... कुक्‌ कुक्‌..."

बाहेर सरकी टिपणाऱ्या कोंबडीनं मान वर केली आणि उत्तर दिलं.