मधला तुकडा

इसवी सन २०२४, सप्टेंबरचा दुसरा मंगळवार, सकाळचे साडेआठ. स्थळ केळवे, कृष्णकांत चुरी यांची सुपारीची वाडी. वाळक्या झावळ्यांचा ढीग उपसताना त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या बोटाला साप डसला आणि गडी बुधाने कोयत्याने त्याचे तीन तुकडे केले. डोके चेचले गेले, शेपटी पाटाच्या पाण्यात वाहून गेली. वादासाठी मधला तुकडा तेवढा उरला.

"मन्यार हाय, शेट. शेटाणीला पालघरला इस्पितळात न्या."

कृष्णकांतांच्या मनात पाल चुकचुकली. महिन्यात दोनदा पिकलेले घोस वाडीतून परस्पर नाहीसे झाले होते, आणि फाटकाची दुसरी किल्ली बुधाकडे. मालक-मालकीण पालघरला गेली की रान मोकळे! शिवाय दंश ना दुखत होता, ना सुजत होता; मग विष कसले?

"कवड्या आहे," तुकडा उचलून ते म्हणाले. "बिनविषारी. कवड्याचे पट्टे डोक्याकडे ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीचे नेमके उलट. हे बघ, इकडे ठळक."

"इकडं म्हंजे शेपटीकडं. तुमी उलटा धरलाय." बुधाने पाठीवरून बोट फिरवले. "डोक्याकडनं शेपटीकडं बोट सरकतं, उलट्या अंगानं अडतं. आन् कण्यावरची ही मोठी खवलं बघा. कवड्याला अशी नाय."

एवढे बारकावे याला आजच सुचावेत? कृष्णकांतांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला.

"आम्हांला घालवायची तुला भारी घाई झालीय, बुधा."

"ही घ्या किल्ली. मी बी येतो गाडीत, मग तर झालं?"

"म्हणजे आत तुझा जोडीदार उतरणार!"

या वादात वीस मिनिटे गेली. ओट्यावर टेकलेल्या आनंदीबाई म्हणाल्या, "अहो, भांडण ठेवा बाजूला. मला तुम्ही दोन-दोन दिसताय. एक होता तोच पुरे होता." त्या हसायला गेल्या, पण पापण्या वर उचलेनात.

तुकडा पिशवीत घालून बुधाने त्यांना गाडीत निजवले. पालघरला पोचेतो त्यांचा श्वास तुटू लागला होता. इस्पितळात बुधाने डॉक्टरांना तुकडा दाखवून घडले ते सांगितले; नळी घातली गेली, औषध सुरू झाले. तशाही स्थितीत कृष्णकांतांनी बाहेर बसलेल्या बुधाच्या खिशात फोन वाजतो का, याकडे दोनदा कान दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर चारुताबाई बाहेर आल्या.

"मण्यारच होती. त्या वाचतील. पण वीस मिनिटं वाया गेली, ती तुमच्यामुळे. तुमच्या गड्यामुळे नव्हे."